सडा, खाजन आणि एक अल्ट्रालाइट: शेडमधल्या नोंदी

८ जून २०२५

पाऊस पक्का बसलाय. आता ऑक्टोबरपर्यंत आमचं अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, गोव्यात डिचोलीच्या शेडमध्ये आणि आम्ही त्याच्या बाजूला. मशीन काय आहे ते आधी लिहून ठेवतो म्हणजे पुढे कोणी वही वाचली तर गोंधळ नको: दोन सीट, ॲल्युमिनियमच्या पाइपांची फ्रेम, पंखांवर डॅक्रॉनचं कापड, इंजिन आपल्या डोक्यामागे आणि प्रोपेलर त्याच्याही मागे. इंजिन रोटॅक्स ५८२, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, साधारण ६५ हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाकडे बरीच वर्षं ताडपत्रीखाली होतं. आतेभाऊ आणि मी मिळून घेतलं, घेताना घरी ‘जुनं मशीन आहे, दुरुस्त करून बघतो’ एवढंच सांगितलं, बायकोने पंख बघितले आणि काही न बोलता आत गेली.

मॅन्युअलमध्ये सुरुवातीलाच एक इशारा छापलाय. त्याचा अर्थ असा की या इंजिनाची रचनाच अशी आहे की ते अचानक बंद पडू शकतं, त्यामुळे इंजिन बंद पडल्यावर जिथे सुखरूप उतरता येणार नाही अशा जागेवरून, उंचीवरून, वेगाने उडूच नका. कंपनी स्वतःच्या इंजिनाबद्दल हे लिहिते! बहुतेक लोक हे पान कायदेशीर भानगड म्हणून उलटतात. सर (मायक्रोलाइट, म्हणजे अशीच हलकी विमानं, उडवायला शिकवतात, फोनवर कधीही उपलब्ध, रागावतातही फोनवरच) म्हणाले, ते एक पान पाठ कर, बाकी सगळं त्यातून निघतं.

म्हणून या पावसाळ्याचा प्रकल्प दोन भागांचा. एक, मशीन उघडून नीट करणं. दोन, इंजिन बंद पडणारच हे धरून गोव्यात हे उडवण्यात अर्थ आहे का ते शोधणं.

यूट्यूब बघून येणाऱ्या मित्रांसाठी एक गोष्ट लिहूनच टाकतो. अमेरिकेत १९८२ पासून पार्ट १०३ नावाचा नियम आहे, एक सीटचं, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी म्हणजे ११५ किलोच्या आतलं अल्ट्रालाइट तिथे लायसनशिवाय उडवता येतं. आपल्याकडे तसं नाही. डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) आहे, व्हीटीने सुरू होणारा नोंदणीचा नंबर आहे, लायसन आहे, परवानग्या आहेत. त्यात गोव्याचं आकाश म्हणजे खाली दाबोळी, जो नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे, आणि वर जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झालेला. ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात दोन मोठे एअरपोर्ट. कागदांचं खातं आतेभावाकडे. कागद हातात आल्याशिवाय चाक जमिनीवरून उचलायचं नाही, यावर चर्चा नाही.

१५ जून

फ्युएल सिस्टीम उघडली. टाकीच्या व्हेंटच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, एकदम टाइट. हे दिसायला एवढंसं, पण टाकीत हवा गेली नाही की पेट्रोल जसं संपत जातं तसा आत व्हॅक्यूम होतो आणि पंप ओढू शकत नाही, म्हणजे जमिनीवर दहा मिनिटं मस्त चालणार आणि झाडांवर गेल्यावर खोकणार. पिटो ट्यूबमध्येही (हवेच्या दाबावरून स्पीड मोजायची नळी) तेच, तिथे अडथळा आला तर स्पीड खोटा दिसतो. दोन्हींना लाल रिबनवाली टोपी घालायची ठरलं, रिबन लांब, म्हणजे काढायची राहिली तर दिसेल.

नळ्या सगळ्या कडक झाल्यात, हाताने वाकवली की बारीक चिरा दिसतात. सगळ्या फेकल्या. प्रायमर बल्बपण (हाताने दाबून इंजिनाकडे पेट्रोल ढकलायचा रबरी गोळा). फिल्टर नवीन, पारदर्शक, सीटवरून वळून दिसेल अशा जागी.

पेट्रोलचा प्रश्न मोठा आहे. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि या इंजिनाला तेवढं चालत नाही. इथेनॉल जुनं रबर खातं हा एक भाग, पण गोव्यात त्याहून वाईट म्हणजे ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिन ओढतं तळातूनच. टू-स्ट्रोकमध्ये वंगणसुद्धा पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे तळाचं ते पाणी पोचलं की नुसतं बंद पडणं नाही, पिस्टन घासून बसणं आलं.

टेस्ट सोपी आहे, शाळेतल्या मोजपात्रात केली. थोडं पाणी घ्यायचं, रेघ मारायची, वर पेट्रोल ओतायचं, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोलमधून पाण्यात उतरतं आणि खालचा थर रेघेच्या वर चढतो. आमचा चांगलाच चढला. आता बिनइथेनॉलचं पेट्रोल कुठून आणायचं हे वेगळं संकट, एव्हिएशनचं १०० एलएल चालतं पण त्यात शिसं असतं, प्लग जास्त वेळा साफ करावे लागतात. चालेल. प्लग साफ करणं मला जमतं.

मिक्स १ ला ५०. २० लिटरला ४०० मिली तेल. कॅनवर मार्करने तारीख आणि प्रमाण लिहायचं, न लिहिलेला कॅन गवत कापायच्या मशीनला.

२४ जून

सांजाव, म्हणजे विहिरीत उड्या मारायचा सण. अर्धा गाव विहिरीत. काम शून्य.

६ जुलै

फ्रेमचे बोल्ट एकेक करून बाहेर. समुद्र इथून बराच लांब आहे तरी हवेत मीठ आहेच, त्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, आणि ॲल्युमिनियमच्या पाइपात स्टीलचा बोल्ट. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, की ॲल्युमिनियम हळूहळू पांढऱ्या पावडरीत जातं. बाहेरून पाइप चकाचक, बोल्ट काढला की भोकाच्या कडेला पीठ. पंखाच्या स्ट्रटला (पंखाला आधार देणारा दांडा) खालच्या टोकाला असं निघालं, तो तुकडा बदलायचा. बाकी ठिकाणी वरवरचं होतं, साफ करून गंजरोधक लावून परत.

मेकॅनिक मामा आलेले. मामांनी आयुष्यभर येझ्दी आणि आरएक्स १०० उघडल्यात, टू-स्ट्रोकचा आवाज ऐकून रोग सांगतात, पण नट-बोल्टच्या बाबतीत त्यांचं आमचं पटेना. ते म्हणाले नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) चांगलाय, परत वापर, कशाला पैसे घालवतो. आमचं म्हणणं, महत्त्वाच्या जागी नायलॉक एकदाच, आणि जिथे जोड फिरतो, म्हणजे कंट्रोलचे जोड, तिथे नायलॉकवर भरवसाच नाही, तिथे भोकाचा बोल्ट, कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्यातून पिन. मामा हसले. मग त्यांना प्रोपेलर दाखवला. आमचा प्रोपेलर मागे आहे, म्हणजे इंजिनावरून, सायलेन्सरवरून, खिशातून जे काही सुटेल ते त्यातूनच जाणार. सायलेन्सरची एक स्प्रिंग तुटली तर मोटरसायकलवर आवाज वाढतो, इथे पातं फुटतं. तेव्हापासून मामा स्वतः सेफ्टी वायर मागतात, स्प्रिंगमधून वायर ओवून वर सिलिकॉनचा थर पण त्यांनीच सुचवला.

टाइट केलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ, अर्धी नटावर अर्धी पाइपावर. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. उडण्याआधी टॉर्च घेऊन फक्त रेघा बघत फिरायचं.

डॅक्रॉन: कापडाला उन्हाचा शाप आहे. वरून छान दिसतं आणि आतून ताकद गेलेली असते. ठराविक सुई कापडात घालून ठराविक वजनाने ओढायचं, फाटलं की विषय संपला, अशी एक पद्धत आहे, ती पंखाच्या वरच्या बाजूला करायची कारण ऊन तिथेच पडतं. खालच्या बाजूला करून पास झालो म्हणणारे असतात. आमचा उजवा पंख पास, डावा काठावर. दोन्ही कापडं नवीन मागवली, खर्च लिहीत नाही, ही वही घरी कोणीही वाचू शकतं.

२० जुलै

इंजिनाबद्दल विकणाऱ्याने अभिमानाने सांगितलं होतं की जेमतेम १०० तास चाललंय. ५८२ ची ओव्हरहॉलची (पूर्ण उघडून दुरुस्तीची) मुदत ३०० तास किंवा ५ वर्षं, जे आधी येईल ते. सगळे तास बघतात, वर्षं कोणी बघत नाही. पण इथे वर्षंच जास्त घातक आहेत, कारण फोर-स्ट्रोकसारखं तेलाचं भांडं खाली नसतं, क्रँकच्या बेअरिंगना मिळतं ते पेट्रोलबरोबर आलेलं धुक्यासारखं तेल, आणि इंजिन बंद ठेवलं की तो पातळ थर जातो आणि बेअरिंग दमट हवेत उघडी. गोव्यातला एक पावसाळा म्हणजे काय हे लोखंडी गेट रंगवणाऱ्याला विचारा.

उघडलं. पिस्टनवर कार्बन, रिंगा खाचेत अडकायला लागलेल्या, आणि क्रँकच्या एका बेअरिंगला तपकिरी ठिपके. हाताने फिरवली तर मऊ फिरते, मामांनासुद्धा आवाज आला नाही, भिंगाखाली दिसलं. क्रँक बदलायची. आतेभाऊ म्हणाला एवढ्यात तर सेकंडहँड बुलेट येते. येते, आणि ती बंद पडली की आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो.

रोटरी व्हॉल्व्हच्या शाफ्टसाठी एक छोटी तेलाची बाटली वेगळी असते, ती लोक विसरतात. त्यातलं तेल कमी होत असेल तर सील गेलंय, तेल दुधाळ झालं तर कूलंट आत येतंय. फुकटचा रिपोर्ट आहे हा, रोज बघायचा.

इग्निशन या इंजिनात डबल आहे, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळी सर्किट. चांगली गोष्ट आहे पण लोक त्याच्यावर जास्तच निर्धास्त राहतात, कारण दोन इग्निशन असली तरी पेट्रोलची नळी एक, पिस्टनचा जॅम व्हायचा स्वभाव एक.

१० ऑगस्ट

पाऊस धो धो, शेडमध्ये लाइट नाही, म्हणून कागदावरचं काम.

वजन: रिकामं २४३, मी ८२, आतेभाऊ ९१, पेट्रोल ४० लिटर म्हणजे साधारण २९ किलो. बेरीज ४४५. मर्यादा ४५०. म्हणजे दोघं आणि फुल टाकी असेल तर जेवणाचा डबा घरी. आतेभावाने चवथीनंतर (गणेश चतुर्थी) वजन करायचं नाही असं सुचवलंय.

गरमी: हिशोब करायला सोपा आणि कोणी करत नाही. समुद्रसपाटीला स्टँडर्ड तापमान १५ धरतात. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी ३४. फरक १९, दर डिग्रीला १२० फूट, म्हणजे जवळपास २३०० फूट. जमिनीवर उभं असताना विमानाला वाटतंय आपण २३०० फुटांवर आहोत. इंजिनाची ताकद ६-७ टक्के कमी, टेकऑफची धाव लांब, चढणं मंद, आणि दमट हवेने अजून थोडं. ज्या पट्टीवरून सकाळी सात वाजता आरामात उडता येतं त्याच पट्टीवर दुपारी एकटाच बसलास तरी शेवटची झाडं मोठी दिसतात.

स्टॉल, म्हणजे पंखाने विमान उचलून धरणं सोडणं: सरांनी फोनवर तासभर घेतला. माझ्या डोक्यात होतं की स्टॉल म्हणजे स्पीड कमी पडणं. सर म्हणाले स्पीड हा नुसता लक्षण आहे, खरा मामला पंखाला हवा कुठल्या कोनात लागते त्याचा, आणि वळणात पंख जास्त भार उचलतो म्हणून स्टॉल जास्त स्पीडलाच येतो. आमच्या मशीनचा सरळ उडताना ६० किमी धरला तर ३० डिग्री कलवलं की ६४, ४५ ला ७१, ६० ला ८५. आता चित्र असं की टेकऑफनंतर २५० फुटांवर इंजिन गेलं, मागे पट्टी दिसतेय, माणूस घाबरून कचकन वळवतो, स्पीड ८० वरून पडत असतो आणि स्टॉल ७० वरून चढत असतो, आणि दोघांची गाठ पडते. म्हणून ठराविक उंचीखाली मागे वळणं नाही. सरळ समोर, फार तर थोडं डावं-उजवं, जे मिळेल त्यात.

अजून एक. मोठं विमान इंजिन गेल्यावर काही वेळ आपल्या वेगाने जात राहतं. अल्ट्रालाइट हलकं आणि हवेला अडणारं. दगड फेकला तर लांब जातो, रुमाल फेकला तर हातासमोरच पडतो, हे रुमालवालं आहे. चढताना नाक वर आहे आणि इंजिन थांबलं तर स्पीड बघताबघता जातो, त्यामुळे पहिलं काम नाक खाली. विचार नंतर, स्टार्ट करायचा प्रयत्न त्याच्याही नंतर. सर म्हणतात हे डोक्याने नाही, हाताने यायला पाहिजे, म्हणून ते शिकवताना काही न सांगता थ्रॉटल ओढतात.

२५ ऑगस्ट

परवा चवथ. हत्यारं मोजून पेटीत (पाना कमी असेल तर तो विमानात आहे असं धरायचं, सापडेपर्यंत काही बंद करायचं नाही). शेड बंद. माटोळीची (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची चौकट) फळं आणायला शेडवरची जीप गेली.

१४ सप्टेंबर

भाग दोन सुरू. नकाशा भिंतीवर लावला.

आमचं विमान इंजिनाशिवाय साधारण ८ ला १ तरंगतं, म्हणजे १ मीटर खाली जाताना ८ मीटर पुढे. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर, तर २.४ किमी. हे पुस्तकातलं. समोरून २० किमीचा वारा आला तर ८ चे ६ झाले, १.८ किमी. एक वळण घ्यावं लागलं, अजून कमी. घाबरलेला पायलट धरा, म्हणजे मी. शेवटी ४ ला १ धरायचं ठरवलं, १००० फुटांवरून १.२ किमी. वेळ किती, तर ८० च्या स्पीडला सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास खाली येतो, १००० फूट म्हणजे दोन मिनिटांपेक्षा कमी, ३०० फूट म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यात वाऱ्याची दिशा, जागा, तारा, सगळं बघायचं. म्हणून जागा आधीच बघून ठेवलेली पाहिजे.

मग कंपासने १.२ किमीची वर्तुळं. ज्या जागेवर उतरता येईल असं वाटतं तिला मध्य धरून एक वर्तुळ, आणि ठरवलेला मार्ग या वर्तुळांच्या बाहेर कुठेच जाता कामा नये. गुगलच्या सॅटेलाइट फोटोवरून बघताना पहिल्याच संध्याकाळी मस्त साखळी तयार झाली, सडा (जांभ्याचं पठार), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), सडा, नदीकाठची शेती. आतेभाऊ म्हणाला झालं की काम. सरांना फोटो पाठवला. उत्तर एकच आलं: बाइक घे आणि जाऊन बघ.

२१ सप्टेंबर

सडे. फोटोत हे सगळ्यात भारी दिसतात, झाडं नाहीत, सपाट, लांब, कडक जांभा. आता वर गुडघाभर गवत आणि फुलं, बघायला स्वर्ग. पण चालायला लागलो तर गवताखाली जांभ्याचे उंचवटे, फुटाएवढे, कुठे गाडीच्या बॉनेटएवढे. पुढचं छोटं चाक त्यात अडकलं की विमान नाकावर. आणि चिऱ्यांच्या खाणी! चौकोनी कापलेले खड्डे, भिंती सरळ उभ्या, आत पावसाचं पाणी. फोटो जुना, खड्डा नवीन. वरून सरळ खाली बघितलं तर दिसतील पण उतरताना आपण बसक्या कोनातून बघतो, तेव्हा गवत सलग दिसतं आणि खड्डा शेवटच्या क्षणाला. एका सड्यावर एका टोकाला कंपाउंड वॉल आली होती, दुसऱ्यावर हाय टेन्शन लाइन. तार हवेतून दिसतच नाही, खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरायचं.

बघितलेल्या सड्यांपैकी बरेचसे खोडले. जे उरले ते पण ‘नोव्हेंबरनंतर, गवत वाळल्यावर परत चालून’ अशा शेऱ्यासह.

५ ऑक्टोबर

आज खाजन. नदीकाठाने गेलो, बांधावरून.

खाजन म्हणजे खाडीच्या पातळीची जमीन, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली, भरती-ओहोटीचं पाणी मानशीच्या दारातून आत-बाहेर. वरून बघाल तर गोव्यातली सगळ्यात मोठी सपाट जागा हीच. पाय घातला तर घोट्याच्या वर चिखल. बांधावर एक वयस्कर बाब बसले होते, आम्ही जमीन का चाचपतोय म्हणून विचारलं, सांगितलं विमान उतरवता येईल का बघतोय. त्यांनी शांतपणे विडी विझवली आणि म्हणाले, “हांगा उदक भरता, गाडी घालूं नाकात.” (इथे पाणी भरतं, गाडी घालू नका.) विमानाबद्दल काहीच मत दिलं नाही.

बाबांचं बरोबर आहे. मऊ जमिनीत चाकं रुततात, स्पीड कितीही कमी असो, विमान उलटतं, आणि उलटं, पट्टे घातलेले, तोंड चिखलाच्या पाण्यात अशी वेळ फुटभर पाण्यातही वाईट. पावसाळ्यात कोरगुटाचं (खारं पाणी सोसणारं भात) पीक, नंतर काही ठिकाणी पाणी सोडून मासे. कोरडी खडखडीत फक्त उन्हाळ्यात, तेव्हा पण मध्ये चर असतात.

मोरडावरची (उंचवट्यावरची) आणि नदीच्या वरच्या अंगाची शेती त्यापेक्षा बरी. सरदीचं (पावसाळी) भात आता कापणीला आलंय. उभ्या भातात उतरायची वेळ आलीच तर पिकाचा वरचा पृष्ठभाग हीच जमीन समजून तिथेच स्पीड संपवायचा असं सर सांगतात, नाहीतर पीक चाकांना धरतं. कापणी झाल्यावर हीच शेतं सगळ्यात चांगली, पण लहान, मेरा (शेताचे बांध) उंच, आणि जिथे वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं पीक) करतात तिथे थोड्या दिवसांत परत चिखल. म्हणजे एखादी जागा वर्षातले काही आठवडे चांगली, आणि नकाशावर मी ती बारा महिन्यांसाठी हिरवी रंगवली होती.

उरलं काय, तर काजू, माड, खाणींचे डोह, घरं आणि रस्ते. रस्ता हा शेवटचा पर्याय, कारण रस्त्याला तारा असतात आणि त्यावर माणसं असतात ज्यांनी यात भाग घ्यायचं कबूल केलेलं नाही.

संध्याकाळी वर्तुळं परत काढली. साखळी तीन ठिकाणी तुटली. उंच जाऊन जोडता येईल का बघितलं, २००० फुटांवर वर्तुळ २.४ किमीचं होतं, दोन तुटलेल्या जागा जुळतात. तिसरी नाही. आणि जास्त उंची म्हणजे दाबोळी आणि मोपाच्या मोठ्या विमानांच्या जवळ, ते आपण मागून मिळणार नाही आणि मागूही नये.

१२ ऑक्टोबर

नवीन क्रँक, नवीन रिंगा, इंजिन चढवलं. आज ग्राउंड रन.

शेपूट जीपच्या हुकला दोरखंडाने, चाकांना चिरे. प्रोपेलरच्या रेषेत कोणी नाही, बाजूलाही नाही, मागे तर नाहीच. पोरं बघायला जमली होती, त्यांना शेडच्या पायऱ्यांवर बसवलं आणि मामांना त्यांच्यावर लक्ष ठेवायचं एकच काम. इंजिनाजवळ जायचं तर इग्निशन बंद आणि बंद आहे असं मोठ्याने बोलून. गरम इंजिनाचा प्रोपेलर हातानं हलवताना तो चालू होऊ शकतो असंच धरायचं.

पहिल्यांदा चालू झालं, निळा धूर, मामा खुश. घाई नाही. पाण्याचं तापमान ६५ च्या वर जाईपर्यंत फुल थ्रॉटल द्यायचा नाही, कारण पिस्टन पटकन तापून फुगतो आणि सिलिंडर अजून थंड असतो, मग पिस्टन आत अडकतो, यालाच कोल्ड सीझर म्हणतात. हेच हवेत पण होतं: लांब घसरगुंडी थ्रॉटल बंद ठेवून केली, इंजिन गार झालं, आणि खाली येऊन एकदम फुल दिला. म्हणून उतरताना मधूनमधून थोडा थ्रॉटल देत राहायचं.

इग्निशन एकेक बंद करून बघितलं, आरपीएम थोडेच पडले, दोन्हीकडे जवळपास सारखे. एक्झॉस्टचं तापमान दोन्ही सिलिंडरचं जवळजवळ, ६५० च्या बरंच खाली. एका सिलिंडरचं एकटंच चढायला लागलं तर तिकडे पेट्रोल कमी पोचतंय, कार्ब्युरेटरचा जेट किंवा हवेची गळती. फुल थ्रॉटलवर थोडा वेळ ठेवलं, परत थंड होऊ दिलं, बंद. पिवळ्या रेघा बघितल्या: रेडिएटरच्या ब्रॅकेटची एक सरकली. तिथे रबरी वॉशर.

हवा रोज लिहितोय. पहाटे घाटाकडून हलका पूर्वेचा वारा, नऊ-साडेनऊपर्यंत शांत, अकरानंतर समुद्रावरून वारा चढतो आणि सडा तापला की वर धक्के. घारी वर चढायला लागल्या की समजायचं थर्मल (वर चढणारी गरम हवा) सुरू झाले. घारी गोल फिरतायत तिथून लांब राहायचं, एक तर धक्के आणि दुसरं म्हणजे घार. दुपारनंतर या महिन्यात सह्याद्रीकडे ढग वाढतात, गडगडाट लांब ऐकू आला तरी दिवस संपला.

२ नोव्हेंबर

निर्णय. गोव्यातून उडवायचं नाही. निदान या मशीनने, या इंजिनाने, आमच्या दोघांच्या अनुभवाने नाही. कागदाचं उत्तर यायचंय, पण आता ‘हो’ आलं तरी उपयोग नाही कारण आमचं स्वतःचं उत्तर नाही आहे.

आतेभाऊ दोन दिवस बोलला नाही. त्याचं म्हणणं, तिसरी तुटलेली जागा फक्त दीड किलोमीटर आहे, एक-सव्वा मिनिटाचा प्रश्न, एवढ्यात नेमकं इंजिन बंद पडेल होय? शक्यता कमी, मान्य. पण दर वेळी जाताना आणि येताना ते मिनिट येणार, आणि चार महिने आम्ही जे पान भिंतीवर लावून काम करतोय त्यात शक्यता कमी असेल तर चालेल असं कुठे लिहिलंय. मी त्याला त्या जागेवर नेलं, खाली माड आणि शाळेचं मैदान. मैदानावर पोरं खेळत होती. त्यानंतर तो ट्रेलरच्या भाड्याची चौकशी करायला लागला.

दुसरा वाद टॅक्सींगचा. पोरांना, मामांना, आतेभावाला सगळ्यांना वाटतं की मोकळ्या मैदानात जरा जोरात पळवून बघू, उडवायचं नाही. नाही! हे मशीन ६०-६५ ला स्वतःच उचललं जातं, एक झुळूक आली की चाकं वर, आणि आत बसलेल्याला उतरवता येत नाही. नवीन माणसाचे अपघात असेही होतात, उडायचं ठरवलेलंच नसतं. शिकलेला पायलट आत नसेल तर माणसाच्या चालण्याच्या वेगापेक्षा जास्त नाही.

१६ नोव्हेंबर

घाटावर जातोय. सर शिकवतात त्या पट्टीच्या आजूबाजूला कापणी झालेली मोकळी शेतं आहेत, मैलोन् मैल, तिथे कंपास काढायचीसुद्धा गरज नाही. पहिले सगळे तास सरांबरोबर. डावा-उजवा पंख नवीन कापडासह वेगळे गुंडाळले, चोर्ला घाटातल्या वळणांसाठी ट्रेलरवर पंखांची टोकं लाल कापडाने बांधली, ट्रेलरवाल्याला ४० च्या वर जायचं नाही असं लिहूनच दिलं.

जोडणीची यादी सरांकडे आधीच पाठवलीय. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे पंख जोडल्यावर एकाने जोडायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, तोच माणूस नाही, आणि तपासताना कोणी बोलायला आलं तर यादी पहिल्यापासून. कंट्रोल हलवून नुसतं ‘हलतंय’ बघायचं नाही, काठी डावीकडे तर डावं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर, हे तोंडाने म्हणत बघायचं.

टाकी रिकामी, बॅटरीची तार काढलेली, प्रोपेलर काढून गादीत. मोजपात्र, मार्कर, लाल रिबनच्या टोप्या आणि वायरचं बंडल मामांच्या पिशवीत. मामा येतायत, तिकीट नको म्हणाले, ट्रेलरमध्ये बसतो. बायकोने विचारलं सर माणूस कसा आहे. मी म्हटलं रागीट. ती म्हणाली, मग ठीक आहे.

बाकी: कूलंटची जादा बाटली, आतेभावाचं मेडिकल, दोन हेल्मेट, आणि ट्रेलरचा मागचा लाइट जो आज संध्याकाळी परत बंद पडलाय.